ब्लोअरचा दसरा

पनवेलचं सांडपाणी शुद्ध करायच्या एका केंद्रात मी प्रयोगशाळा सांभाळते. काय काम करता, असं कोणी विचारलं की मी सरळ सांगते. पुढचं सहसा कोणी विचारत नाही. काम साधं आहे. लोकांनी सोडलेली घाण मोठ्या टाकीत येते, तिथे जिवाणू ती खातात, गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी आम्ही सोडून देतो. जिवाणूंना श्वासाला हवा लागते. दोन ब्लोअर आळीपाळीने ती रात्रंदिवस टाकीत सोडतात.

त्या दसऱ्याला मी अकराच्या सुमारास पूजेला पोचले. फाटकातच सडक्या अंड्यांचा वास आला. वास आमच्याकडे असतोच, पण हा आमचा नव्हता. शिवाय शांतता होती. इतक्या वर्षांत तिथे पाखरं ओरडतात हे मला पहिल्यांदा कळलं.

आमचे ऑपरेटर जवळच्या कोन गावचे, पन्नाशीचे, आमच्याकडे नुकतेच बदलून आलेले. इस्त्रीच्या शर्टात उभे होते. दोन्ही ब्लोअर पुसून लख्ख, त्यांना कुंकू, झेंडूच्या माळा.

"बंद कधी केलेत?"

"काल सांजंला. खंडेनवमीपासून मशीनला राबवायचा नाय, मॅडम."

"दोन्ही?"

"एकाला कामाला लावून दुसऱ्याची पूजा कशी करायची? बरा दिसत नाय."

मी टाकीत डोकावले. एरवी उकळत्या चहासारखं दिसणारं पाणी काळं पडून निपचित होतं. जिवाणू गुदमरले होते. आणि परवा प्रदूषण मंडळाचे लोक पाण्याचा नमुना घ्यायला यायचे होते. ब्लोअर चालू करायला लावून मी साहेबांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "नमुना नापास झाला, तर त्या माणसाला घरी पाठवावं लागेल."

फोन स्पीकरवर होता. तो माणूस शेजारीच उभा होता.

"मी देवाचाच केला ना, मॅडम?"

"देवाचं केलंत. जिवाणूंचं राहिलं."

नुसत्या हवेने दोन दिवसांत काही होणार नव्हतं. दही लावायला विरजण लागतं, तसा दुसरीकडचा जिवंत गाळ हवा होता. नवीन पनवेलला माझ्याच सोसायटीत असं छोटं केंद्र आहे. सेक्रेटरी काकांना फोन लावला.

"काका, एक टँकर गाळ हवाय."

"कशाला?"

"विरजणाला."

"ती सोसायटीची मालमत्ता आहे. अर्ज द्या, कमिटीपुढे ठेवतो."

"कमिटी कधी बसते?"

"दिवाळीनंतर."

"काका, कमिटीच्या कृपेने तो रोज नवा तयार होतोय. कमी नाही पडणार."

शेवटी काका तयार झाले, पण टँकर भरताना पोच मागितली. मी लिहून दिली: एक टँकर गाळ, सुस्थितीत मिळाला. त्यांनी ती फाइलला लावली. सोन्यासारखं काहीतरी लुटून नेल्याचा भाव मात्र तोंडावरून गेला नाही.

पुढचे दोन दिवस ऑपरेटर तासातासाला टाकीतलं पाणी काचेच्या बरणीत भरून माझ्या टेबलावर आणून ठेवत. "बसतोय का बघा." गाळ खाली बसायला अर्धा तास लागतो, हे मी त्यांना चार वेळा सांगितलं. ते बरणीसमोर खुर्ची टाकून बसायचे. माझा डबा मी दुसऱ्या खोलीत खाल्ला.

मंडळाचे लोक नमुना घेऊन गेले तेव्हा पाणी जरा गढूळ होतं. अहवाल आठवड्याने आला. काठावर पास. मी कागद ऑपरेटरच्या हातात दिला. त्यांनी तो उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"म्हणजे मी हाय?"

"आहात. पुढच्या दसऱ्याला रजा घ्या."

"रजा कशी घेऊ? मग पूजा कोन करल?"

मी त्यांच्यासमोरच पाळ्यांचा तक्ता ओढला आणि पुढच्या वर्षीच्या खंडेनवमीच्या रात्री ब्लोअरवर माझी ड्यूटी लिहिली.