शिंगाच्या टोकावरची खरखर

मंडळी, आज दुपारी एक धनुष्य पूर्ण झालं. म्हणजे, मला तरी तसं वाटतंय.

लाकडी धनुष्याच्या टोकांना मी म्हशीचं शिंग बसवतो. तिथे दोरी अडकते. शिंग खरखरीत राहिलं तर दोरी कापली जाते. वर्षानुवर्षं घासून माझी बोटं निबर झालीत, त्यांना काही कळत नाही. म्हणून माझा जोडीदार युसूफभाई टोक स्वतःच्या गालावरून फिरवायचा आणि म्हणायचा, "अजून घास," नाहीतर "बास, झालं."

तो आता मुलाकडे मनमाडला राहतो. आज त्याला व्हिडिओ कॉलवर टोक दाखवलं.

"चमकतंय तर भारी. पण माझा गाल इथं हाय ना!"

दोघंही हसलो. फोन ठेवला आणि पुन्हा घासायला बसलो. कधी थांबायचं, तेच कळेना.

तुम्हाला "बास, झालं" कोण म्हणतं?