कापलं नाय, ठेवलंय

पगार वाटायला बसण्याआधी इनासमामा क्रुसाची खूण करीत. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा, आणि मग पैशांच्या पिशवीची गाठ. पाकीट उघडून आत डोकावलं की आम्हीही क्रुसाची खूण करत असू. आमच्यातले हिंदू 'अरे देवा' म्हणत. एवढा फरक सोडला तर महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी गोखिवऱ्याच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये सर्वधर्मसमभाव नांदत असे.

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. वसईच्या पूर्वेला तेव्हा लहान लहान कारखाने उगवू लागले होते. आमच्या कारखान्यात पत्र्याच्या डब्यांची झाकणं बनत. शेठ मुंबईचा. त्याला कामगार हवे होते, पण कामगारांची भानगड नको होती. ती भानगड अंगावर घेतली इनासमामांनी. निर्मळजवळच्या आमच्याच गावचा माणूस, दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला पहिल्या बाकावर. आम्ही राबायचं शेठकडे, सही करायची मामांच्या मस्टरवर. शेठ पैसे मामांना देई आणि मामा आम्हाला. शेठच्या हातून निघालेला रुपया मामांच्या हातातून जाताना थोडा झिजत असे.

मामा दिसायला मोठे देखणे. पांढरी सफारी, केसांना तेल, कानावर पेन्सिल आणि स्कूटरच्या पुढ्यात कायम केळ्यांची फणी. कोणी आजारी पडलं की मामा ती फणी घेऊन दारात हजर. उशाशी बसत, डोक्यावरून हात फिरवत, डोळ्यांत पाणी आणून प्रार्थना म्हणत. ते पाणी खरं असे, हे मी आजही शपथेवर सांगेन. पुढच्या पगारात 'किरकोळ' म्हणून जी रक्कम वजा होई, ती त्या केळ्यांची. तीही खरीच असे.

मी बारावीत आपटी खाऊन तिथे पॅकिंगला लागलो होतो. पहिला पगार हातात आला तेव्हा मला वाटलं, मामांनी चुकून दुसऱ्या कोणाचं पाकीट दिलं. मी विचारलं, "मामा, एवढे कापले?"

मामा दुखावले. चष्मा काढून त्यांनी तो पुसला.

"कापलं नाय रे बाबा, ठेवलंय."

"कुठं?"

मामांनी बोट वर केलं. वर पत्रा होता. पत्र्याच्या वर सरकार होतं आणि सरकारच्या वर देव. त्यांपैकी नेमकं कोणाकडे ठेवलंय हे विचारायचा धीर मला झाला नाही.

कशाकशाचे पैसे ठेवलेले असत! टेंपोचे, चहाचे, हातमोज्यांचे. हातमोजे कोणी कधी पाहिले नव्हते. मामा म्हणत, "मागवलेत." त्याखेरीज फंडाचे आणि विम्याचे. विमा म्हणजे कामगाराला दुखलंखुपलं तर विम्याच्या दवाखान्यात औषध फुकट आणि घरी बसल्या दिवसांचे थोडे पैसे. शिवाय पुष्पचक्राचे. कामगाराच्या घरी कोणी वारलं की मामा भलंमोठं पुष्पचक्र घेऊन जात. त्याच्या जांभळ्या फितीवर सोनेरी अक्षरांत नाव मात्र एकट्या मामांचं. गावात म्हणत, इनासचं मन मोठं. ते मन आमच्या वर्गणीतून दर महिन्याला वाढत होतं.

या माणसाला कोणी कधी अडवलं नाही. अडवलं ते एकट्या मारियाबाईने, आणि तेही तिचं बोट चेंगरल्यावर.

मारियाबाई पत्र्यातून झाकणं ठोकून काढणाऱ्या प्रेसवर काम करी. पंचेचाळिशीची, बिनलग्नाची, हाडाने काटक, जिभेने त्याहून काटक. तिची आणि मामांची शाळा एकच, त्यामुळे सगळं गाव ज्यांना मामा म्हणे त्यांना ती 'अरे इनास' म्हणे. आमच्या शेडमध्ये मारिया तीन होत्या. आमच्यात पहिल्या नातीला आजीचं नाव ठेवतात. आजी मारिया, तिला तीन मुलगे, म्हणून तिघांच्या थोरल्या मुलीही मारिया, तिघींचं आडनावही एकच. आम्ही त्यांना थोरली, मधली, धाकटी म्हणत असू. मारियाबाई ही थोरली.

एका दुपारी प्रेस खाली आला आणि तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट आत चेंगरलं. मी आणि मधलीने तिला रिक्षात घालून विम्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला होता, त्याने टाके घातले. मग तो म्हणाला, बोट वाकायला हवं असेल तर दोन महिने कामाला हात लावायचा नाही, रोज शेकायचं. मारियाबाईने विचारलं, दोन महिने खाऊ काय? डॉक्टर म्हणाला, त्यासाठीच तर विमा आहे, खिडकीवर जा.

खिडकीवरच्या कारकुनाने तिचा नंबर पाहिला, कार्ड काढलं, आणि कार्डावरून नजर उचलून तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"बाई, तुम्हाला पैसे चालूच आहेत की. बाळंतपणाचे."

रांगेतल्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या.

"कोनाच्या बाळंतपनाचे?" मारियाबाईने विचारलं.

"तुमच्या. गेल्या महिन्यात मुलगा झाला. वय चोवीस. एका वेळी दोन्ही पैसे मिळत नसतात."

रांगेत आमच्याच चर्चच्या दोन बायका होत्या. मारियाबाई ही चर्चमधल्या मरियामातेच्या भक्तिसंघाची अध्यक्षीण. आम्ही घरी पोचायच्या आत बातमी निर्मळच्या नाक्यावर पोचली होती, आणि रात्रीपर्यंत गावाने बाळाच्या बापाबद्दल तीन निरनिराळी मतं बनवली होती.

झालं होतं असं. मामा विम्याचे पैसे तिन्ही मारियांकडून ठेवत आले होते, पण भरत होते एकीचे. नाव एक, आडनाव एक, मग कार्ड तीन कशाला? बापाच्या नावाच्या जागी त्यांनी शाईचा एक सोयीस्कर डाग पाडला होता. धाकटी लग्न होऊन बाळंत झाली आणि ते कार्ड तिने वापरलं. तिचा काय दोष? नंबर तिलाही तोच दिलेला होता.

पगाराचा शनिवार आला. मामांनी क्रुसाची खूण केली आणि पिशवीला हात घातला, तोच मारियाबाई पट्टी बांधलेला हात घेऊन समोर उभी राहिली.

"अरे इनास, माजा पोरगा कसा हाय?"

शेडमध्ये कोणीतरी फिस्सकन हसलं. मामा हसले नाहीत.

"मारी, असं बोलू नये. कागदात थोडी गडबड झाली. तुमच्या घरात सगळ्याच मारिया, त्याला मी काय करू? तुज्या आजीला विचार."

"आजीला कशाला? ती पैशे कापत न्हवती."

"कापले नायत गो, ठेवलेत."

मारियाबाईने डावा हात पसरला.

"ठेवलेत तर दाखव."

मी बारावीपर्यंत शिकलो, व्याज आणि तोटा यांची गणितं सोडवली, पण एवढा साधा प्रश्न मला सुचला नव्हता. मामांनाही तो कोणी विचारला नसावा. त्यांचं बोट सवयीने वर निघालं आणि अर्ध्यावरच थांबलं. मग मागून मधली म्हणाली, माजेबी दाखवा. मग टेंपोवाले, मग पॅकिंगवाले. मीही म्हणालो, पण जरा हळू.

मामा पेचातून सुटण्यात पटाईत. त्यांनी डोळे पुसले आणि सगळ्यांदेखत मारियाबाईला दोन महिन्यांचा अर्धा पगार स्वतःच्या खिशातून जाहीर केला. टाळ्या पडल्या. आम्ही खरोखरच टाळ्या वाजवल्या. मारियाबाई तेवढ्यावर महिनाभर बसली. मग घरातले तांदूळ संपले आणि ती कामावर आली. शेकणं राहिलं ते राहिलंच. तिचं ते बोट पुढे आयुष्यभर ताठ राहिलं, कोणाला तरी काहीतरी दाखवत असल्यासारखं. आणि मामांनी खिशातून दिलेली रक्कम? ती 'उचल' म्हणून पुढच्या वर्षभर तिच्या पगारातून वजा झाली.

एक मात्र झालं. तिन्ही मारियांना तीन कार्डं मिळाली. त्या महिन्यात तिघींकडून 'कार्डखर्च' ठेवण्यात आला. हातमोजेही आले, एकच जोडी, तीही दोन्ही डाव्या हाताची.

तरीही सांगतो, मामांचा मला पुरता राग कधी आला नाही. वाडीत पाणी शिंपण्यापलीकडे काही न पाहिलेल्या आमच्या मुलींना महिन्याच्या महिन्याला पाकीट मिळालं ते त्यांच्यामुळे. माझ्या वडिलांच्या मयतीला ते उन्हात तीन मैल चालत आले होते आणि माझ्या आईपेक्षा जास्त रडले होते. त्या रडण्याचे पैसे त्यांनी कधी लावले नाहीत. पुष्पचक्राचे लावले.

काही वर्षांनी मामा झोपेतच गेले. अख्खं गाव लोटलं. त्यांचा मुलगा आता कंत्राट पाहत होता. त्याने भलंमोठं पुष्पचक्र आणलं, फितीवर 'सर्व कामगारांकडून'. आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. पण आम्ही समजायचं ते समजलो, आणि येत्या पगाराच्या शनिवारी पाकीट किती हलकं असेल याचा हिशोब प्रत्येकाने मनात करून टाकला.

फादरांची प्रार्थना संपली, शवपेटी खाली उतरली. आमच्या रीतीप्रमाणे एकेकाने पुढे होऊन मूठभर माती टाकायची. मारियाबाईची पाळी आली. तिने ताठ बोटाच्या त्या हाताने मूठ भरली, खड्ड्यावर धरली, निम्मी माती सोडली आणि हात मागे घेतला. उरलेली माती तिने शांतपणे रुमालाच्या टोकात बांधली.

मुलगा गोंधळला. "मावशी, सगळी टाकायची असते."

मारियाबाईने गाठ घट्ट केली. तिचे डोळे भरून आले होते, आणि तेही खरंच होतं.

"त्याला म्हाईत हाय," ती म्हणाली. "कापली नाय रे बाबा. ठेवलीय."