पाचवा ठिपका

आमच्या प्रयोगशाळेतले सर काचेची नळी खिडकीशी धरून एक डोळा मिटायचे. रुथेनियमचं एकच संयुग, ॲसिटोनमध्ये लालसर, पाण्यात पिवळं. द्रावकाच्या ध्रुवीयतेबरोबर शोषलेल्या प्रकाशाचा रंग कसा सरकतो, हे मला प्रबंधात दाखवायचं होतं. आलेखावर चार द्रावकांचे चार ठिपके झाले, पाण्याचा तेवढा राहिला. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कचेरीच्या पाटीचा रंग ओला, नळ मात्र कोरडे. शुद्ध पाणी गाळायच्या यंत्राला नळाची धार लागते, म्हणून तेही बंद.

प्रबंध वेळेत गेला तर नांदेडला माझी नोकरी पक्की होती. रुथेनियम जणू माझ्याच माहेरचं, अशा थाटात मी म्हणाले, "सर, रेघ सरळ हाय. पाचवा तिथंच पडंल."

"हाव, पडंल. पण अजून पडला न्हाई, बाई."

प्रबंध रखडला, नोकरी दुसरीला गेली. पुढं नळ आले, आम्ही मोजलं. ठिपका मी म्हणाले होते तिथंच पडला. मी रागानं सरांकडं पाहिलं. त्यांनी एक डोळा मिटून आलेख न्याहाळला आणि स्वतःचं पेन माझ्या हाती दिलं.

"आता काढा रेघ."

नातवंडं "असंच होणार, आजी" म्हणतात, तेव्हा माझाही एक डोळा आपोआप मिटतो.