दवाच्या भरवशावर

मामाचं काम आग लावण्याचं. पाहुण्यांना असं सांगितलं की ते दचकायचे आणि मामाला त्याची भारी मजा वाटायची. गावाभोवती नजर पोचेल तिथवर गवताळ रान, मधूनच एखादं खुरटं झाड. पावसाळा सरून गवत अर्धं हिरवं, अर्धं पिवळं झालं की मामा वनखात्याच्या रोजंदारीवर ते पट्ट्यापट्ट्यानं जाळायचा. आत्ताच थोडं जाळलं की उन्हाळ्यातल्या मोठ्या वणव्याला खायला काही उरत नाही, हा त्यामागचा हिशेब. दुपारी काडी ओढायची आणि संध्याकाळी सरळ घरी यायचं. विझवायला कुणी थांबत नसे. अंधार पडला की दव पडे आणि आग आपोआप मरे.

"राखण नको का रे?" आई विचारायची. आई म्हणजे मामाची थोरली बहीण. आमचं घर रानाच्या पलीकडच्या कडेला.

"ताई, जावई रुसेल एक वेळ, दव नाही रुसायचं," मामा म्हणायचा.

एका वर्षी ते रुसलं. पाऊस लवकर आटोपला, रात्रीसुद्धा उकडायचं थांबेना. मामानं नेहमीसारखा पट्टा पेटवला, घरी येऊन जेवला आणि घोरत पडला. आग रात्रभर धुमसत राहिली. सकाळी वारा फिरला आणि दुपारच्या आत आमच्या घराची राखरांगोळी झाली. आईनं गोठ्याची तापलेली कडी हातानं काढून गाय सोडवली. गाय वाचली, आईचे तळहात गेले. जखमा भरल्या, पण गरम-गार, ओलं-कोरडं तिला आता हाताला कळत नाही.

तेव्हापासून आम्ही मामाकडे राहतो. ज्यानं घर जाळलं त्याच्याच घरात. मी त्याच्याशी कामापुरतं बोलते. आई मात्र पहिल्यासारखीच त्याच्यावर खेकसते, आणि त्याला तेच सोसत नाही.

नंतर हवामान खात्याच्या एक बाई आल्या. त्यांनी न कंटाळता सगळं समजावलं. रात्री गरम झाल्यात, म्हणून दव कमी पडतं. गवत लवकर वाळतं. मग पावसाळ्यानंतरची आगही उन्हाळ्यातल्या आगीसारखी वागते. "यात तुमची चूक नाही," असंही म्हणाल्या. मला वाटलं, मामाला जरा हलकं वाटेल. तो उलट खचला.

"माझी चूक असती तर पुढच्या वेळी सुधारली असती," तो म्हणाला.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. मामानं ताकच सोडलं. पुढची दोन वर्षं त्यानं रानाला काडी लावली नाही आणि दुसरं कुणी पुढे येईना. गवत माझ्या डोक्यावर गेलं. आता वणवा आला तर हे घरही जाणार, सगळं गावही जाणार, हे प्रत्येकाला दिसत होतं. बोलत कुणीच नव्हतं.

यंदा आईच उठली. तिनं काडेपेटी मामाच्या पुढ्यात टाकली.

"ऊठ. मी येते बरोबर. या वेळी विझेपर्यंत तिथून हलायचं नाही."

मामानं काड्यांवर काड्या वाया घालवल्या. शेवटी गवतानं पेट घेतला. हिरव्या फांद्या घेऊन आम्ही तिघं कडेकडेनं फिरत राहिलो. आग बाहेर डोकावली की झोडपायची. दिवस मावळला तशी आई दमून दगडावर बसली. मामा सारखा वाकून गवताला हात लावत होता. आईनंही मूठभर गवत चाचपलं, मग सोडून दिलं.

"पडतंय का रे दव?" तिनं विचारलं.

मामा सरळ उभा राहिला. "पडायला लागलंय, ताई. तू जा घरी, जरा पाठ टेक. मी आलोच मागून."

मी गवताला हात लावला. खडखडीत कोरडं. मामा माझ्याकडे बघत होता. मला त्याचा राग आला, नेहमी येतो तसाच, आणि त्याहून जास्त त्याची कीव आली.

"हो आई, पडतंय," मी म्हणाले.

आई वाटेला लागली. मी एक नवी फांदी तोडली आणि मामाच्या शेजारी जाऊन उभी राहिले.