घरामागचा डोंगर

औंढ्याला आमच्या घरामागं डोंगर आहे. वडील देवळाच्या सेवेत होते, त्यामुळे नैवेद्य आणि पाहुण्यांतच आईचं आयुष्य गेलं. धुणं वाळत घालताना ती रोज तो डोंगर बघायची; वर मात्र कधी गेली नव्हती. गेल्या वर्षी तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. पुण्याच्या भावानं फोनवर बजावलं, "आता घरातल्या घरात चालायचं."

दसरा झाला आणि बंजारा तांड्यावरच्या मावशी आल्या. दरसाल सीताफळं त्याच आणून देतात. आईला म्हणाल्या, "वहिनी, ह्या साली झाडावरून तोडून खाऊ. येता काय वर?"

"येते," आई म्हणाली.

मी हिंगोलीला नोकरी करते. रविवार होता म्हणून सोबत निघाले. खरं तर तिला अर्ध्यातून परत आणायलाच.

अर्ध्या चढावर आई दगडावर टेकली. चेहरा लाल झाला होता. मी म्हटलं, "काहून तकलीफ करून घेतेस? चल खाली."

"तकलीफ डॉक्टरनं काढली. हा दम हाय. दम लागला की बसायचं, मग उठायचं." आणि ती काठी टेकून उठली.

पुढं मावशींनी झिजलेली दगडी वाट दाखवली. "आमच्या आज्याचे बैल मिठाच्या गोण्या घेऊन इथूनच चढायचे."

आई म्हणाली, "पाठीवर मीठ घेऊन ते चढले. मी तर मोकळीच हाय."

माथ्यावर भन्नाट वारा होता. खाली कपाशी फुटलेली शेतं, पलीकडं तळं, आणि काळ्या दगडी देवळाचं पांढरं शिखर. जन्मभर मान वर करून पाहिलेलं ते शिखर आई आता वरून पाहत होती.

मावशींनी फडकं सोडलं. ज्वारीच्या भाकरी, ठेचा, कांदा. आईनं वर आणखी अर्धी भाकरी मागून घेतली. मग झाडाचं सीताफळ स्वतःच्या हातानं तोडलं आणि बोटं चाटत खाल्लं. तेवढ्यात भावाचा फोन आला.

"आई, कुठं आहेस? वारा फार ऐकू येतोय."

"डोंगरावर."

"कोणत्या डोंगरावर?"

"घरामागच्या. आता खाऊन राहिले, मागून बोलते," म्हणत तिनं फोन ठेवला. मावशी पदर तोंडाला लावून हसत होत्या.

उतरताना मी हात पुढं केला. तो बाजूला सारून आई म्हणाली, "तू माझ्या मागं ये. इथं पाय सरकतो."