दिनकरनं न दाखवलेलं जहाज

दिनकर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी मलकापुरात घरी दाढी करत होतो. फोनवर शालनवहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, ह्यांनी च्या घेतला आणि बसल्या जागी..." निम्मी हयात समुद्राच्या तळाशी काढलेला माणूस सोप्यातल्या खुर्चीवर गेला. दुःख झालंच. पण त्यामागोमाग मनात आलं ते लिहायला लाज वाटते : आता ते जहाज मला कोण दाखवणार?

आम्ही दोघं कृष्णेत पोहायला शिकलो, नौदलाच्या भरतीलाही एकत्रच गेलो. तो निवडला गेला, पाणबुड्या झाला. मी नजरेच्या तपासणीत नापास होऊन साखर कारखान्यात चिकटलो. तो सुट्टीवर आला की त्याच्याभोवती माणसं जमायची आणि मी वरवर हसत, आतून जळत ऐकायचो. निवृत्तीनंतर दर हिवाळ्यात तो हौशी लोकांना मालवणपुढच्या समुद्रात, बुडालेल्या एका जुन्या मालवाहू जहाजापर्यंत खाली न्यायचा. कराडचे डॉक्टर जाऊन आले, सांगलीचे हळदीचे व्यापारी जाऊन आले. मग मीही पन्नाशी उलटल्यावर हट्टानं खोल पाण्यात उतरण्याचं शिक्षण घेतलं आणि गेल्या हिवाळ्यात त्याच्याबरोबर मालवण गाठलं.

पहिल्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला, होडी निघालीच नाही. दुसऱ्या दिवशी लाटांनी तळ ढवळून पाणी गढूळ केलं. तिसऱ्या सकाळी समुद्र अगदी गप्प. आम्ही जहाजाच्या जागेवर पोचलो, सामान अंगावर चढवलं. दिनकरनं जहाजाच्या खुणेसाठी बांधलेल्या तरंगत्या पिंपाची दोरी पाहिली. ती पाण्यात तिरपी ताणलेली होती.

"वरनं गप हाय, पर खाली लय वढ हाय. माघारी फिरायचं," तो म्हणाला.

"समद्यास्नी दावलंस, आन् माझ्याच वक्ताला वढ आली व्हय रं? मी तितं गेलेलं तुला बघवत न्हाई!" सगळ्यांसमोर मी ओरडलो.

तो शांतपणे म्हणाला, "जहाज कुटं पळून जात न्हाई, गड्या."

दुसऱ्या एका होडीतले दोघं त्याच सकाळी उतरले. ओढीनं वाहून गेले. दुपारी फार लांब सापडले, जिवंत. दिनकर बरोबर होता... आणि मला तेही सहन झालं नाही. पुढं कित्येक महिने मी त्याच्याशी बोललो नाही. दिवाळीत तोच घरी आला. "औंदाचा पयला चांगला दिस तुजा," म्हणाला. त्यानंतर तीन आठवड्यांनी तो गेला.

परवा सकाळी वहिनींकडे गेलो होतो. दिनकरचा फोन वाजला. वहिनींनी तो माझ्या हातात दिला. पलीकडे मालवणचा होडीवाला बाबल होता. "वारो पडलो. पाणी निवळशंख आसा," तो म्हणाला. मी म्हणालो, "आवं, दिनकर गेला..." "म्हायत आसा," तो म्हणाला, "पण तेका सांगल्याशिवाय होडी काढूक हात उचलत नाय."

"रोज येतो फोन," वहिनी म्हणाल्या.

मी फोन टेबलावर ठेवला. माणूस जाऊन महिना झाला, तरी समुद्राची खबर रोज सकाळी त्याच्याच नावानं येते. खरं सांगतो, तेव्हाही मला त्याचा हेवाच वाटला.