बेदाण्याच्या पेट्या आणि काचेतला हमाल

"कोपऱ्यात गेली की पेटी अडकली, तात्या," सुनीता मॅडम म्हणाल्या. "आता ती निघत नाही."

मी ऐकलं नाही. म्हटलं, "बाई, वीस वर्सं झाली. माझी पयली पेटी कोपऱ्यातच लागती."

मॅडमनी एक बटण दाबलं. कॉम्प्युटरच्या काचेवरच्या सगळ्या पेट्या पहिल्या जागी जाऊन बसल्या. अर्ध्या तासाची माझी हमाली पुसली गेली.

सांगलीत एका कोल्ड स्टोरेजला मी तेव्हा मुकादम होतो. शाळा तिसरीपर्यंत, तीही अर्धी. कोल्ड स्टोरेज म्हणजे बेदाण्याचं थंड गोडाऊन. कवठे महांकाळ, आटपाडीकडचे बागायतदार द्राक्षं वाळवतात, पेट्या भरून आमच्याकडं ठेवतात आणि भाव बघून काढतात. थंड खोलीला चेंबर म्हणायचं. एका मालकाचा माल म्हणजे एक लॉट. पेट्या एकावर एक रचल्या की थप्पी. कुठला लॉट कुठं लावायचा, हे मुकादम ठरवतो. माझी थप्पी एकदा लागली की माल बाहेर जाईपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही, असा माझा दंडक. थप्पी हलवावी लागली म्हणजे लावणाऱ्याला अक्कल नव्हती, असं मी गड्यांना सांगायचो.

नव्वद सालानंतरची गोष्ट. शेठनी तिसरा चेंबर बांधला आणि ऑफिसात कॉम्प्युटर आणला. तो चालवायला सुनीता मॅडम आल्या. सांगलीतल्याच, शिकलेल्या, बोलायला गोड. एक दिवस शेठनी मला बोलावलं आणि सांगितलं की नव्या चेंबरची मांडणी आता मॅडम कॉम्प्युटरवर काढतील. मी फक्त गडी सांभाळायचे.

माझं डोकं तापलं. मी विचारलं, "ह्या डब्यानं कवा पेटी उचललीया का?"

शेठ हसले. त्यांनी मॅडमना कॉम्प्युटरवरचा पेट्यांचा एक खेळ लावायला सांगितला. काचेवर वरून बघितल्यासारखं एक गोडाऊन आलं. भिंती, चौकोनी घरं, चार पेट्या आणि एक बारकासा हमाल. जमिनीवर चार खुणा. प्रत्येक खुणेवर एक पेटी न्यायची. बाणाची बटणं दाबली की हमाल चालतो. एका वेळी एकच पेटी ढकलता येते. ओढता येत नाही.

"का? हात न्हाईत का त्येला?" मी विचारलं.

"नियम तसा आहे, तात्या."

शेठ म्हणाले, "हा खेळाचा पाचवा नकाशा मला सुटला नाही, मॅडमना सुटला नाही. मुकादम, चेंबर सुरू व्हायला आठ दिवस आहेत. तोवर सोडवा. नव्या चेंबरची मांडणी तुमची."

"शब्द हाय न्हवं?"

"शब्द."

मी खुर्ची ओढली. तोवर त्या ऑफिसात मी कधी खुर्चीवर बसलो नव्हतो.

रोज जेवण झालं की गडी थप्पीच्या सावलीला आडवे व्हायचे आणि मी काचेपुढं बसायचो. भिंतीपलीकडं मशीनची घरघर चाललेली असायची. कुणी चेंबरचं दार उघडलं की पांढरी वाफ जमिनीवरून लोळत ऑफिसपर्यंत यायची. पाय गार पडायचे, डोळे जड व्हायचे. त्या हमालाला तोंड नव्हतं. पण पेटीला खांदा लावून तो उभा राहिला की माझाच खांदा भरून यायचा. दोनदा मी खुर्चीत झोपलो. दोन्ही वेळेस स्वप्नात चेंबरला छत नव्हतं, आणि पेट्या कृष्णेच्या पाण्यावर सोडल्यासारख्या आपोआप चालल्या होत्या. मी मागं पळत होतो, पण हात पुरत नव्हते.

कोपऱ्याची सवय दोन दिवसांत मोडली. हा कोपरा माल सांभाळत नाही, गिळतो. मग तीन पेट्या रोज जागेवर बसू लागल्या. चौथीचं जमेना. तिची खूण सगळ्यात आत होती, आणि आत जायच्या बोळाच्या तोंडावर माझीच एक पेटी खुणेवर बसलेली. ती आधी बसवल्याशिवाय चौथीला हातही लावता येत नव्हता.

मॅडम मागं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तात्या, ती जरा बाजूला केली तर?"

"लागलेली पेटी मी हलवत न्हाई."

"खेळ आहे हो."

"तुमचा आसंल."

सहा दिवस गेले. सातव्या दिवशी सुट्टी होती म्हणून आदल्या संध्याकाळीच गावी गेलो. आठव्या दिवशी पहाटेच्या एसटीनं परत निघालो. गाडी खच्चून भरलेली. मी बाहेरच्या सीटवर अर्धवट झोपेत. बाहेर उजाडत होतं. द्राक्षबागांचे चौकोन, बांध, मधल्या वाटा, सगळं कुणीतरी वरून आखल्यासारखं दिसत होतं. त्या वाटांवरून तो बिनतोंडाचा हमाल कुठंतरी चालला असेल, असं वाटत होतं. शिरढोणला खिडकीजवळच्या म्हाताऱ्यानं मला ढोसलं. "उठा की पावणं, उतरायचंय."

मी उठलो. तो बाहेर निघाला. मी परत बसलो. जागा तीच होती, गरमही होती.

तसाच बसून राहिलो. मिरज कधी आलं ते कळलं नाही.

ऑफिसात गेलो, डबा ठेवला, खुर्चीवर बसलो. बोळाच्या तोंडावरची पेटी तिच्या खुणेवरून एक घर बाजूला ढकलली. चौथी पेटी सरळ आत गेली. मग वळसा घालून पलीकडनं आलो आणि बाजूची पेटी परत खुणेवर ढकलली. काच एकदम बदलली. सहावा नकाशा आला.

मॅडमनी शेठना हाक मारली. शेठनी वाकून काच बघितली. मग म्हणाले, "पुन्हा करून दाखवा." मी पुन्हा केलं.

"बरं," ते म्हणाले. "मांडणी तुमची."

मी सांगितलं आणि मॅडमनी ती कॉम्प्युटरवर काढली. मध्ये गल्ली सोडली, आणि दाराशी चाळीस पेट्या बसतील एवढी जागा रिकामी ठेवली. शेठ कुरकुरले. एवढी जागा फुकट कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "शब्द दिलाय तुमी."

त्या हंगामात एका व्यापाऱ्याला सगळ्यात आतला लॉट हवा होता. त्याची गाडी दारात उभी होती. पूर्वी असल्या कामाला अर्धा दिवस जायचा आणि माझ्या शिव्यांनी चेंबर भरायचा. आम्ही पुढच्या पेट्या रिकाम्या जागेत सरकवल्या, लॉट काढला, पेट्या परत लावल्या. तासाभरात गाडी गेली. शेठ दारात उभे राहून बघत होते. पुढच्या वर्षी जुन्या दोन्ही चेंबरमध्ये तेवढीच जागा सोडायला सांगितली.

नव्या मुकादमांना मी आता एवढंच सांगतो. लावलेला माल कधीतरी हलवावा लागतो, आणि त्यात लावणाऱ्याचा अपमान नसतो. सहावा नकाशा मात्र मी बघितला नाही. मांडणी पाचव्यावरच ठरली होती.